रांगेत पहिला नंबर कुणाचा

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पासोबत नेहमीप्रमाणे रुपयाची गोल आकृती छापून आली. सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयातले २४ पैसे कर्जाचे आणि सरकारकडून जाणाऱ्या प्रत्येक रुपयातले २० पैसे व्याजाचे, असा हिशेब त्या आकृतीत होता. वर्षभराचे व्याज १२ लाख ७६ हजार कोटी रुपये आणि एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटींचा, हे त्याच अर्थसंकल्पातले आकडे. पैसे येतात ती बाजू आणि जातात ती बाजू शेजारी ठेवून पाहिली, तर नव्या कर्जाचा फार मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाइतकाच भरतो, हे कुणाच्याही ध्यानात येईल. त्यावर अग्रलेख होतात, वाहिन्यांवर चर्चा रंगते आणि मार्च संपेपर्यंत विषय मागे पडतो.

या व्याजाबद्दल एक गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे संसदेत त्यावर मतदान होत नाही. राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदानुसार सरकारी कर्जाचे व्याज आणि त्याच्या परतफेडीचा खर्च भारताच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित असतो. राष्ट्रपतींचे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन ज्या रकान्यात बसते, त्याच रकान्यात हाही खर्च बसतो. राज्यांसाठी अशीच तरतूद २०२ व्या अनुच्छेदात आहे. सभागृहाला चर्चा करता येते, पण मत देऊन ही रक्कम अडवता येत नाही. शाळा, रस्ते, पाणी योजना, शिष्यवृत्त्या यांच्यासाठीच्या मागण्या मतदानाला येतात आणि मंजूर झाल्यावरही त्यांचे पैसे प्रत्यक्ष केव्हा सुटतील हे वित्त विभागाच्या सोयीवर राहते. सार्वजनिक कर्जावरचा राजकीय वाद आपल्यापुढे नेहमी टक्केवारीचा आणि ‘कर्जाच्या डोंगरा’चा वाद म्हणून मांडला जातो. मला तो दिवसेंदिवस रांगेचा वाद वाटू लागला आहे. पैसे कमी पडतील तेव्हा आधी कुणाला द्यायचे आणि कुणाला थांबवायचे, एवढाच त्याचा गाभा असतो, आणि नेमक्या त्याच प्रश्नावर सभागृहात कुणी तोंड उघडत नाही.

हे मत बनायला माझी नोकरी कारणीभूत आहे. कोल्हापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात माझी बरीचशी हयात गेली. ठेवींचे काउंटर आणि कर्ज विभाग सगळ्यांना ठाऊक असतो; गुंतवणूक विभाग म्हणजे आतल्या बाजूची दोन टेबले, ज्यांच्याकडे खातेदार कधी फिरकत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला आपल्या ठेवींच्या ठरावीक प्रमाणात सरकारी रोखे बाळगावेच लागतात आणि सध्या हे प्रमाण १८ टक्के आहे. याचा अर्थ असा, की गुजरीतल्या सराफाने, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याने किंवा कागलहून पेन्शन काढायला येणाऱ्या गुरुजींनी बँकेत शंभर रुपये ठेवले, की त्यांतले निदान अठरा रुपये सरकारला कर्जाऊ जातात. देशाचे कर्ज म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जागतिक बँक आणि परदेशी सावकार उभे राहतात. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या कर्जातला परकीय कर्जाचा वाटा अगदी किरकोळ आहे. उरलेले सारे इथल्या बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्य निर्वाह निधी आणि अल्पबचतीच्या पैशांतून उभे राहिले आहे. सराफाला आणि गुरुजींना आपण सरकारचे सावकार आहोत याचा पत्ताही नसतो.

सर्वसाधारणपणे शुक्रवारी केंद्राच्या रोख्यांचा लिलाव असे आणि मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा. मंगळवारी दुपारी निकालाची यादी आली, की कोणत्या राज्याने किती वर्षांच्या मुदतीने, किती टक्क्यांनी, किती कोटी उचलले ते एका कागदावर दिसे. ती यादी मला अर्थसंकल्पापेक्षा बोलकी वाटे. तुलनेने सुस्थितीतला महाराष्ट्र आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला पंजाब यांच्या सारख्याच मुदतीच्या रोख्यांच्या व्याजदरांत शंभर रुपयांमागे जेमतेम पाच-दहा पैशांचा फरक असायचा. उधळपट्टी करणाऱ्या सरकारला बाजार जादा व्याजाची शिक्षा करतो, असे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. राज्यांच्या बाबतीत ही शिक्षा जवळपास होतच नाही, कारण कोणतेही राज्य बुडू लागले तर केंद्र त्याला बुडू देणार नाही, असे बाजार धरून चालतो. आम्हीही तेच धरून चालत होतो. व्याज मात्र सहामाहीच्या ठरलेल्या तारखेला, पैशापैशाचा हिशेब जुळवून जमा होई आणि त्यासाठी कधी फोन करावा लागल्याचे मला आठवत नाही.

त्याच बँकेच्या कर्ज विभागात वेगळेच चित्र असे. जिल्ह्यातली लहान धरणे, पाणी योजना, शाळाखोल्या आणि गावरस्त्यांची कामे घेणारे ठेकेदार आमचे जुने कर्जदार होते. असा माणूस कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या फिरत्या कर्जावर, पैसे उचलतो, सिमेंट-सळई आणतो, मजुरांचा शनिवारचा पगार भागवतो, काम पुरे करतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घेतो आणि बिल सादर करून बसतो. बिल मंजूर होते, पण ‘निधी नाही’ म्हणून पडून राहते. नव्वद दिवस व्याज थकले की आमच्या संगणकात त्याचे खाते आपोआप अनुत्पादक, म्हणजे थकीत, ठरते, जामीनदारांना नोटिसा जातात आणि त्याची पत संपते. एकाच ताळेबंदात एका पानावर महाराष्ट्र शासनाचे रोखे असत, ज्यांच्यासाठी नियमांनी पतजोखीम शून्य धरलेली असते; दुसऱ्या पानावर त्याच शासनाकडून येणे असलेला माणूस थकबाकीदार म्हणून नोंदलेला असे. एका ठेकेदाराने एकदा माझ्या टेबलाशी थांबून, रागावून नव्हे तर खरेच कुतूहल वाटून विचारले होते, “मॅडम, तुमचं व्याज तारखंला येतंय म्हनं, मग आमचं बिल कुठं अडतंय?” त्याला द्यायला उत्तर होते, पण ते घटनेच्या भाषेतले होते.

ठेकेदार म्हटले की आपल्याकडे लोकांची सहानुभूती आटते आणि त्याला कारणेही आहेत, हे मला मान्य आहे. टक्केवारी, निविदांतले संगनमत, पहिल्या पावसात वाहून गेलेले डांबर या गोष्टी कुणी कल्पनेने रचलेल्या नाहीत. पण रांगेत मागे उभा असलेला माणूस चांगला की वाईट हा प्रश्न निराळा आहे. शिष्यवृत्तीची वाट पाहणारी मुलगी, ठिबकच्या अनुदानासाठी तालुका कृषी कार्यालयात खेपा घालणारा शेतकरी आणि मानधन तीन-तीन महिने रखडलेली आशा सेविका याच रांगेत उभी आहेत.

ही रांग इतकी लांबते याचे कारण आपल्या सरकारी हिशेबपद्धतीत आहे. केंद्र आणि राज्ये रोखीच्या पायावर हिशेब ठेवतात. पैसे प्रत्यक्ष दिले जातात तेव्हाच खर्च झाला असे मानले जाते. मार्चच्या एकतीस तारखेला द्यायचे बिल एप्रिलमध्ये गेले, तर त्या वर्षीची तूट तेवढ्याने कमी दिसते, आणि एप्रिलमधले बिल पुढच्या मार्चपलीकडे लांबवले तर त्याही वर्षीच्या तुटीत ते दिसत नाही. खाजगी कंपनीला घेतलेल्या मालाची उधारी ताळेबंदात दाखवावीच लागते. राज्याच्या कर्जाच्या आकड्यात मात्र रोखे, बँकांची कर्जे, अल्पबचत, केंद्राची कर्जे आणि भविष्य निर्वाह निधीची देणी असतात, पण मंजूर होऊन पडलेली बिले नसतात. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा होता आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची. त्याच वर्षी राज्यभर ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी धरणे धरली आणि कामे बंद ठेवली. त्यांचे येणे त्या ९ लाख ३२ हजार कोटींत कुठेही नव्हते.

कर्जाला कायद्याने मर्यादा घालण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत आणि त्यांची कहाणी थोडीफार सारखीच आहे. अमेरिकेत १९१७ मध्ये युद्धखर्चासाठी काढलेल्या रोख्यांच्या कायद्यातून ही प्रथा निघाली आणि १९३९ मध्ये एकूण कर्जाला एकच मर्यादा आली. १९६० पासून ती ७८ वेळा वाढवली, तात्पुरती उठवली किंवा बदलली गेल्याचे तिथले अर्थखातेच सांगते. २०११ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा वाढवण्यावरून दोन्ही पक्ष अखेरच्या घटकेपर्यंत अडून बसले आणि तडजोड होऊनही स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने अमेरिकेची पत एका पायरीने खाली आणली. मला या साऱ्यातली सगळ्यात उद्बोधक घटना २०१३ ची वाटते. मर्यादा गाठली गेली तर रोखेधारकांचे व्याज-मुद्दल आणि सामाजिक सुरक्षेची देणी आधी द्यावीत, बाकीची नंतर, असे विधेयक रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात मंजूर करून घेतले. डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला ‘आधी चीनला पैसे द्या’ असे टोपणनाव ठेवले, कारण अमेरिकी रोख्यांचा मोठा साठा चीनकडे होता. विधेयकाचा कायदा झाला नाही. पण रांगेचा प्रश्न तिथे निदान उघडपणे सभागृहात आला. जर्मनीने २००९ मध्ये कर्जाला थेट घटनेतच लगाम घातला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अर्थसंकल्प आणि त्या लगामावरून तिथले आघाडी सरकार कोसळले आणि २०२५ च्या मार्चमध्ये संरक्षण व पायाभूत सुविधांसाठी तोच लगाम सैल करण्यात आला.

आपल्या घटनाकारांनी हा विचार केलेला होता. २९२ व्या अनुच्छेदात संसदेला कायद्याने कर्जाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार दिला आहे, आणि संसदेने हा अधिकार वापरावा अशी आपली नुसती आशा नाही तर अपेक्षा आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेत सांगितले होते. संसदेने ती अपेक्षा पुरी करायला २००३ साल उजाडू दिले. मधल्या काळात सरकारला पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँकेकडून तात्पुरत्या हुंड्यांवर नोटा उचलण्याची सोय होती, जी १९९७ मध्ये बंद झाली. आणि १९९१ मध्ये परकीय चलन संपत आल्यावर सोने परदेशी पाठवून गहाण ठेवण्याची वेळ येऊन गेली होती. २००३ चा वित्तीय उत्तरदायित्व कायदा वाजपेयी सरकारने मंजूर केला आणि जुलै २००४ मध्ये तो मनमोहन सिंग सरकारने अमलात आणला, म्हणजे निदान तत्त्व म्हणून तो दोघांनाही मान्य होता. २००७-०८ मध्ये वित्तीय तूट, म्हणजे कर्ज सोडून येणाऱ्या पैशांपेक्षा झालेला जादा खर्च, देशाच्या उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर आली, तेव्हा कायदा यशस्वी झाल्यासारखे वाटले. पुढच्याच वर्षी शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग आणि जागतिक मंदी एकत्र आली आणि तूट सहा टक्क्यांवर गेली. शिवाय तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले रोखे आणि पुढे अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून काढायला लावलेली कर्जे तुटीच्या आकड्याबाहेर होती. त्यातला अन्न महामंडळाचा भाग २०२१ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी उघडपणे हिशेबात आणला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

२०१८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत केंद्राचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांवर, तर केंद्र-राज्यांचे मिळून ६० टक्क्यांवर आणायचे ठरले. तो दिवस मला नीट आठवतो, कारण तो माझ्या नोकरीतला शेवटचा मार्चएंड होता. आदल्या दिवशी पाडवा झालेला, त्या दिवशी ईद, आणि आम्ही वसुलीच्या याद्या घेऊन बसलेलो. कुणाचे खाते रात्री बारापूर्वी नियमित होते आणि कुणाचे बुडीतात जाते, यावर शाखाधिकाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला. केंद्राचे कर्ज त्या दिवशी ५७ टक्क्यांच्या आसपास होते. मधे कोविडची साथ येऊन गेली, २०२०-२१ मध्ये तूट नऊ टक्क्यांपलीकडे गेली, हे कारण रास्तच आहे आणि त्या वर्षी सरकारने हात आखडता घेतला असता तर अनर्थ झाला असता. पण कायद्यात लिहिलेली मुदत टळून गेली आणि संसदेत, वर्तमानपत्रांत किंवा न्यायालयात कुणी अवाक्षर काढले नाही, याचे मला त्या दिवशी विशेष वाटले. आता नवे उद्दिष्ट मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास येण्याचे आहे.

या विषयावर बोलताना सभेतला प्रत्येक वक्ता ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण वापरतो. सरकारच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे, कारण सरकारचे अंथरूण दर वर्षी वाढते. समजा अर्थव्यवस्था शंभर रुपयांची आहे आणि कर्ज ५६ रुपयांचे. त्यावर सात टक्के व्याज आहे आणि सरकारने ते सारे व्याज नवे कर्ज काढून भागवले, तर वर्षअखेर कर्ज जवळपास ६० रुपये होईल. महागाई धरून अर्थव्यवस्था दहा टक्क्यांनी वाढली असेल, तर हे ६० रुपये ११० च्या अर्थव्यवस्थेवर पडतील आणि कर्जाचे प्रमाण साडेचोपन्न टक्क्यांवर उतरेल. एक पैसाही न फेडता. वाढ सहाच टक्के झाली तर मात्र तेच प्रमाण साडेछपन्नवर चढेल. म्हणून कर्ज किती, यापेक्षा ते कशासाठी काढले आणि त्यातून वाढ होणार आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा. राधानगरीचे धरण १९०९ मध्ये शाहू महाराजांनी बांधायला घेतले, ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्या पाण्यावरचा ऊस, त्यावरचे कारखाने आणि त्या कारखान्यांनी भरलेले कर यांचा हिशेब मांडला, तर असल्या कामासाठी उचललेला पैसा कुणाच्या नातवंडांवर बोजा ठरणार नाही.

कर्जाची अमुक एक पातळी ओलांडली की वाढ खुंटते, असे आकड्यांनी सिद्ध करण्याची हौसही अर्थतज्ज्ञांना फार. २०१० मध्ये दोन नामवंत अमेरिकी प्राध्यापकांनी देशाच्या उत्पादनाच्या ९० टक्के कर्जाची रेषा दाखवली आणि युरोप-अमेरिकेतल्या काटकसरवादी नेत्यांनी ती उचलून धरली. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांची एक्सेलची फाइल तपासली, तेव्हा सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्याचे आणि इतरही दोष असल्याचे आढळले. दुरुस्तीनंतर त्या रेषेपलीकडच्या देशांच्या सरासरी वाढीचा आकडा उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर गेला. तोवर काही देशांतल्या निवृत्तिवेतनांना कात्री लागून गेली होती.

महाराष्ट्राकडे यायचे तर इथे कर्जावर राजकीय मतभेद आहेत, असे म्हणणेच मला थोडे धाडसाचे वाटते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या प्रचाराचा नारळ कोल्हापुरातच फुटला आणि त्या सभेत एकनाथ शिंदे यांनी लाडक्या बहिणींचे १,५०० रुपये २,१०० करण्याचे आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी देण्याचे वचन दिले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने महिलांना ३,००० रुपये आणि कर्जमाफी जाहीर केली. आदल्या आठवड्यापर्यंत जे राज्यावरच्या कर्जाच्या डोंगराबद्दल बोलत होते, त्यांनी त्या डोंगरावर चढाओढीने दगड रचले. मी बँकेत ही खाती उघडताना पाहिली आहेत. अंगठा देणाऱ्या, आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून चार-चार वेळा येणाऱ्या बायका पहिले पैसे काढून मुलांच्या फिया भरत होत्या, मंगळसूत्र सोडवत होत्या, आणि या पैशांना ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही. माझा आक्षेप दोन्ही पक्षांनी न सांगितलेल्या दुसऱ्या ओळीला आहे. २०२५-२६ मध्ये या योजनेसाठी ३६ हजार कोटी धरले होते. ते कोणत्या नव्या करातून येणार किंवा कोणत्या खर्चातून कापले जाणार, हे कुणीच सांगितले नाही. न सांगितलेली कपात आपोआप रांगेच्या शेवटाला जाऊन बसते. गंमत अशी, की राज्याच्या उत्पन्नाशी तुलना केली तर महाराष्ट्राचे कर्ज अजून वीस टक्क्यांच्या आत आहे आणि देशातल्या बहुतेक मोठ्या राज्यांपेक्षा आपली स्थिती बरी आहे. ज्या राज्याची पत इतकी चांगली, त्याने आपल्याच लोकांची बिले थकवावीत याचा उलगडा कर्जाच्या आकड्यातून होत नाही.

आपल्या गावाने या प्रश्नाशी एकदा थेट झुंज दिली आहे. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खाजगी कंपनीने बांधायचे आणि तिने तीस वर्षे टोल घ्यायचा, असा करार झाला होता. महापालिकेकडे पैसे नव्हते, सरकारला स्वतःच्या नावावर कर्ज नको होते, म्हणून कर्ज कंपनीने काढायचे आणि फेड कोल्हापूरकरांनी नाक्यानाक्यावर सुट्ट्या पैशांत करायची, असा तो मामला होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसे पुढे होती, मागे तालमी, पेठा, रिक्षावाले, वकील, व्यापारी सगळे होते. मीही बहिणीला घेऊन दसरा चौकातून निघालेल्या मोर्चात चालले होते. ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही’ ही घोषणा तेव्हा शाळकरी पोरेही देत. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले, अर्धवट कामांवरून वाद झाले, फेरमूल्यांकने झाली आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा गावात साखर वाटली गेली. लढा न्याय्य होता. गावाच्या आतल्या रस्त्यावर, भाजी आणायला जाताना टोल, हे कुठल्याच शहराने सोसू नये.

पण कंपनीचे पैसे हवेत विरले नाहीत. मूल्यांकन होऊन चारशे कोटींवरची भरपाई राज्याने आपल्या अंगावर घेतली. म्हणजे नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या ज्या माणसाने रंकाळा कधी पाहिलेला नाही, त्याच्या वाट्याचा कर आमच्या रस्त्यांकडे वळला. आमचे आंदोलन एवढे मोठे होते, की आम्ही रांगेत पुढे आलो, ज्यांच्याकडे एन. डी. पाटील नव्हते आणि ज्यांचे नाके पेटले नाहीत, ते मागे राहिले. हे आमचे पाप नाही. पण करारावर सह्या झाल्या त्या दिवशी ‘हे कर्जच आहे आणि ते कुणीतरी फेडायचे आहे’ असे कुणी महापालिकेच्या सभेत ठणकावून सांगितले असते, तर रस्त्याच्या कडेची गटारे अर्धवट सोडून तीस वर्षांचा टोल लावण्याआधी निदान चर्चा झाली असती. नागपूर ते गोवा अशा नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या वेळी तेच घडताना मी पाहते आहे. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली, त्यात मोठा वाटा हुडको या केंद्राच्या वित्तसंस्थेच्या कर्जाचा. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी बागायती जमीन आणि पुराचे पाणी या मुद्द्यांवर रान उठवले, मार्ग कुठून न्यायचा यावर पुढेही खल होत राहिला. पण या कर्जाची फेड टोलमधून होणार की तिजोरीतून, याचा हिशेब कुठल्याही सभेत मांडला गेल्याचे माझ्या कानावर आले नाही.

थकहमी हा आमच्या भागाला पाठ असलेला आणखी एक प्रकार. साखर कारखान्याने कर्ज काढायचे आणि त्याने ते फेडले नाही तर शासन फेडेल अशी हमी शासनाने द्यायची. हमी देण्याच्या दिवशी तिजोरीतून एक रुपया जात नाही, म्हणून ती फुकट वाटते. कारखाना बुडाल्यावर बँक शासनाकडे बोट दाखवते, शासन कागद तपासत बसते आणि तोवर ज्यांच्या सहीने हमी मिळाली ते नेते दुसऱ्या पक्षात पोचलेले असतात. कोणत्या कारखान्याला थकहमी मिळाली आणि कोणत्याला नाही, यावरून कोण कुठल्या बाजूला सरकला हे ओळखण्यात कोल्हापूर-सांगलीचा वाचक तरबेज आहे.

केंद्र आणि राज्यांमधला वादही शेवटी असाच आहे. केरळने रस्ते-पुलांसाठी स्थापन केलेल्या मंडळामार्फत काढलेली कर्जे केंद्राने राज्याच्या मर्यादेत मोजायला सुरुवात केली, तेव्हा केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारून प्रश्न घटनापीठाकडे सोपवला. राज्यावर केंद्राचे कर्ज बाकी असेल तोवर नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते, असे २९३ व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम सांगते. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी कर्जे देत आहे आणि सगळ्याच पक्षांची राज्ये ती आनंदाने घेतात. बिनव्याजी पैसे कोण सोडेल? पण अशा कर्जाची बाकी पुढचे अर्धे शतक राहणार, म्हणजे संमतीची किल्लीही तेवढा काळ दिल्लीतच राहणार. केंद्राचा मुद्दा असा, की झाकून काढलेले कर्ज हेही कर्जच. तो मला पटतो. केरळचा मुद्दा असा, की स्वतःची तूट दीर्घकाळ मर्यादेबाहेर ठेवणाऱ्याने दुसऱ्याला पट्टी लावू नये. तोही मला पटतो.

उसाच्या पैशांसाठी आमच्या जिल्ह्याने रस्ते अडवले आहेत. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि इथल्या शेंबड्या पोराला तो ठाऊक आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना ४५ दिवसांचा नियम ठाऊक आहे; लघुउद्योगाचे बिल तेवढ्या मुदतीत दिले नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि आता प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावटही अडते. साखर कारखान्याला आणि खाजगी खरेदीदाराला मुदत घालून देणाऱ्या शासनाने आपल्या मंजूर बिलांनाही ४५ दिवसांची मुदत घालून घ्यावी आणि त्यापलीकडे राहिलेली प्रत्येक बाकी कर्जाच्या आकड्यात धरावी, एवढी माझी मागणी आहे. असे केले तर पहिल्या वर्षी महाराष्ट्राची तूट कागदावर फुगेल, सत्ताधारी पक्ष पूर्वीच्या सरकारकडे बोट दाखवेल, विरोधक श्वेतपत्रिका मागतील आणि लाडक्या बहिणींचे २,१०० कुठून आणायचे या प्रश्नाला कर किंवा कपात यांपैकी एक उत्तर द्यावेच लागेल. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून मी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर, म्हणजे सामान्य माणसाला थेट सरकारी रोखे घेता येतात त्या सोयीतून, राज्याचे काही रोखे घेतले आहेत. असा हिशेब लागू झाल्याने त्यांचा बाजारभाव थोडा उतरला, तरी मी ते मुदतीपर्यंत ठेवीन.